फ्रिजखालचं पाणी

तेजगुरूंनी दोन बोटांत धरलेली ती चिमुकली बाटली वर उचलली, तशा सभागृहातल्या झाडून साऱ्या माना वर झाल्या. मागच्या रांगेतले एक गृहस्थ तर चांगलं दिसावं म्हणून खुर्चीवर उभे राहिले. खुर्ची प्लास्टिकची आणि गृहस्थ भरभक्कम, तेव्हा खरा चमत्कार तिथेच चालला होता. पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"ही बाटली आठ दिवस कुठे होती?" गुरूंनी विचारलं.

"फ्रिजमध्ये!" सभागृह ओरडलं.

"कोणाच्या सांगण्यावरून आपण औषध फ्रिजमध्ये ठेवतो?"

"डॉक्टरांच्या! औषधवाल्यांच्या!"

"मग बघू या त्यांच्या सांगण्याचं फळ."

गुरूंनी बाटली दोन्ही तळव्यांत धरून हलकेच फिरवली आणि कॅमेऱ्यापुढे नेली. मागच्या पडद्यावर ती पिंपाएवढी दिसू लागली. आतल्या दुधट इन्सुलिनचं पार पाणी झालं होतं, त्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या, काही काचेला चिकटल्या होत्या. फाटलेलं दूध ओळखायला कोणाला शिकवावं लागत नाही. बायकांच्या बाजूने "अगं बाई" असा एक सामुदायिक उसासा उठला.

"आणि ही तिची बहीण. त्याच दुकानातली, त्याच दिवशी घेतलेली. ही आठ दिवस आपल्या तेजपेटीत होती."

तेजपेटी म्हणजे बुटांच्या खोक्याएवढी लाकडी पेटी. पुढे लाल काचेची खिडकी, आत अखंड मिणमिणता उजेड. तिच्यातून निघालेली बाटली गुरूंनी तशीच तळव्यांत फिरवली. पडद्यावर गुळगुळीत, एकसारखं दुधट औषध दिसलं, आत्ता दुकानातून आणल्यासारखं. टाळ्यांनी पत्रे हादरले.

"मंडळी, इन्सुलिन म्हणजे पेप्टाइड. आणि पेप्टाइड म्हणजे काय? जिवंत कंपनांची माळ! तिला तुम्ही थंडीत, अंधारात कोंडता. उद्या तुम्हाला कोणी कोंडलं तर तुमचं मन फाटेल की नाही?"

"फाटेल!"

"मग औषधाला मन नाही का?"

"आहे!" सभागृहाने बिनविरोध ठराव केला.

शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसलेल्या ताईचा मात्र तिळपापड होत होता. तीस वर्षं ती औषधांचं दुकान चालवत होती. सगळं गाव तिला ताईच म्हणायचं. गुरूंच्या त्या भाषणात 'पेप्टाइड' हा एक शब्द तेवढा खरा होता, आणि तोही बिचारा भलत्याच संगतीत सापडला होता. असल्या ठिकाणी ताई एरवी फिरकली नसती. पण पहिल्या रांगेत, छातीवर 'तेजसाधक' असा बिल्ला लावून, तिचा सख्खा थोरला भाऊ बसला होता.

दादा शिंपी होता. निम्म्या गावाच्या खांद्यांची मापं त्याला तोंडपाठ होती. ताई चोपन्न वर्षांची झाली तरी तो तिला छकुलीच म्हणायचा, म्हणजे बोलत होता तेव्हा म्हणायचा. गेलं सव्वा वर्ष दोघांत धड संवाद नव्हता.

"पुढच्या रविवारी कोणाच्या बाटल्यांची जोडी?" गुरूंनी विचारलं. शेकडो हात वर झाले. गुरूंची नजर फिरत फिरत पहिल्या रांगेवर थांबली. "आमचे शिंपीमहाराज! दोन महिने तेजपेटी वापरताहेत. उभे राहा, महाराज. आता जग कसं दिसतं तुम्हाला?"

दादा उभा राहिला. दोन महिन्यांत सदरा त्याला ढगळ झाला होता. स्वतःचा सदरा कधी सैल न ठेवणारा माणूस. "दिव्यांभोवती वलयं दिसतात," तो म्हणाला.

"वलयं!" गुरूंनी दोन्ही हात पसरले. "ऐकलंत? यांना तेज दिसू लागलं!"

टाळ्या पडल्या आणि ताईने हाताची घडी सोडली. ज्याची साखर आठवडेच्या आठवडे चढलेली असते त्याची नजर धुरकटते, दिव्यांभोवती वलयं दिसतात. हे ती गिऱ्हाइकांना समजावत आली होती. आज तिचाच भाऊ आपली जाणारी नजर बिल्ल्यासारखी मिरवत होता. मेली ती सव्वा वर्षाची अढी, असं म्हणून ती गर्दीतून वाट काढत पुढे निघाली.

मंचाशी पोचता पोचता तिचा पाय सटकन घसरला. तिने खुर्चीला धरलं म्हणून हाड वाचलं. ती फाटलेली बाटली ज्यातून निघाली होती, त्या मंचावरच्या पांढऱ्या फ्रिजखालून पाण्याचा ओघळ आला होता आणि एक सेविका तो फडक्याने टिपत होती.

"जपून हो. फ्रिजमधली नकारात्मक ऊर्जा वितळतेय," सेविका म्हणाली.

"बरीच साठली होती म्हणायची," ताई म्हणाली आणि ओल्या चपलेकडे बघत क्षणभर थांबली.

दादाने तिला पाहिलं. चेहरा एकदम उजळला आणि मग त्याला अबोला आठवला. "तू इथे?"

"दादा, साखर तपासलीस?"

"तपासली. वाढलीये. गुरू म्हणतात, आत साचलेलं बाहेर पडतंय."

"आणि डॉक्टर काय म्हणतात?"

"त्यांनी डोस वाढवला. दोनदा. बघ, त्यांचं औषध त्यांनाच पुरेना." आपण मोठं उत्तर दिलं असं त्याला वाटलेलं दिसलं. "उद्या तुझी वहिनी येईल दोन बाटल्या न्यायला. खोकं सीलबंद दे आणि वर तुझ्या दुकानाचा शिक्का मार, ठळक. गुरूंनी मुद्दाम सांगितलंय."

एवढं बोलून तो वळला. वळताना मंचाची पायरी त्याला दिसली नाही आणि तो अडखळला. ताईने हात पुढे केला, पण तो त्याने धरला नाही.

आता हे बहीणभाऊ अबोल्यावर कसे आले, ते सांगायला हवं. सव्वा वर्षापूर्वी दादाला पहिल्यांदा इन्सुलिन सुरू झालं. बाटली ताईनेच दिली. दुकानात गर्दी होती. तिने पिशवी त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "गार ठेव हं दादा." एवढंच. आता बहिणीने गार ठेव म्हटल्यावर भाऊ कशाला हयगय करतो? घरातली सगळ्यांत गार जागा शोधून, बर्फाच्या दोन ट्रेंच्या मधोमध, त्याने ती बाटली ठेवली. रोज बाहेर काढून वितळवायचा, टोचायचा, पुन्हा बर्फात. पंधरा दिवसांत त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. बरा झाल्यावर तो ती गुठळ्यांची बाटली घेऊन दुकानात आला. "छकुली, तुझ्या औषधात हे काय आहे बघ गं."

आणि ताईने, भरल्या दुकानात, दहा गिऱ्हाइकांसमोर त्याला फैलावर घेतलं. "बर्फात ठेवलीस? दादा, अक्कल गहाण टाकली होतीस का?"

दादाने बाटली खिशात घातली आणि गेला तो गेलाच. त्यानंतर औषध वहिनीच न्यायची आणि सांभाळायची. वर्षभराने गावात तेजगुरू आले. त्यांनी ती बाटली दोन्ही हातांत घेतली, त्याला महाराज म्हटलं, शेजारी बसवलं आणि गुठळ्यांचं कारण सांगितलं. कारण धादांत खोटं होतं, पण सांगितलं होतं गोड आणि सविस्तर. ताईचं कारण खरं होतं आणि तिने ते सांगितलंच नव्हतं, नुसती शिवी दिली होती. हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच ते कोणाला सांगायची तिला हिंमत होत नव्हती.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळेलाच वहिनी हजर झाली. पिशवी काउंटरवर ठेवून म्हणाली, "ताई, मला त्या कंपनांतलं काही कळत नाही. पण परवा यांनी एका सदऱ्याला डावी बाही उजवीकडे लावली. गिऱ्हाईक घालून आलं तेव्हा त्याची दोन्ही कोपरं मागे वळली होती. आणि सुईत दोरा मी ओवून देते. कोणाला सांगू नकोस."

ताई थोडा वेळ उगाच खोकी सरळ करत राहिली.

"वहिनी, तू तिथे सेवेला जातेस ना? तो फ्रिज कसा आहे?"

"फ्रिज कसला, मेलं कपाट. दार उघडं होतं तेव्हा पाहिलं मी. आत दिवा नाही, अंड्यांची जागा नाही, भाजीचा खण नाही. असला कुठे फ्रिज असतो?"

"आणि खाली पाणी रोज येतं?"

"छे. फक्त रविवारी. सकाळपासून सुरू होतं. बाकी आठवडाभर तिथली फरशी ठणठणीत कोरडी."

ताईने हातातली पावती खाली ठेवली. फक्त रविवारी पाणी! म्हणजे आठवडाभर आत बर्फ जमतो आणि रविवारी सकाळी कोणीतरी बटण बंद करतं.

"आणि घरची ती पेटी? हाताला कशी लागते?"

"कोमट. आमचं मांजर हल्ली तिच्यावरच झोपतं."

मांजराला जे दोन महिने ठाऊक होतं ते गावातल्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं. पण ताईचा स्वभाव असा, की नुसत्या अंदाजावर ती खोकल्याच्या गोळ्याही द्यायची नाही. मुदत संपलेली एक दुधट बाटली तिने दुकानाच्या बर्फाच्या कप्प्यात टाकली आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढून वितळू दिली. अगदी तस्सा चमत्कार! तेवढ्याच गुठळ्या, तेवढंच पाणी. ना मंत्र, ना मंच.

पण ते नंतर. सोमवारी तिने वहिनीसमोर दोन नवी खोकी काढली आणि ड्रॉवरमधून दोन गोल चकत्या, कोटाच्या बटणाएवढ्या. लशींची पेटी येते तिच्याबरोबर अशा चकत्या येतात. दर दहा मिनिटांनी त्या आजूबाजूचं तापमान टिपून ठेवतात आणि मोबाइलला टेकवलं की सगळा हिशोब पडद्यावर. ताईने खोक्यांचे तळ अलगद उघडले, एकेक चकती आत सरकवली, तळ चिकटवले आणि वर दुकानाचा शिक्का मारला, ठळक.

"यांना सांगू?" वहिनीने विचारलं.

"सांगितलंस तर तो गुरूंना सांगेल. रविवारी मी स्वतः सांगेन, सगळ्यांदेखत. मग माझ्यावर काय रागवायचं ते रागवू दे."

वहिनीने खोकी पिशवीत ठेवली. "रागवू देत. दिसलं तर पाहिजे त्यांना."

त्याच दुपारी दादाने सभागृहात जाऊन स्वतःच्या हाताने एक खोकं मंचावरच्या फ्रिजमध्ये ठेवलं, एक तिथल्या तेजपेटीत. दोन्ही दारांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांवर त्याने सही केली. सही पट्टीच्या बाहेर गेली, पण गुरूंनी ती चालवून घेतली.

रविवारी चार वाजता सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आज खुद्द औषधवाल्या ताईच्या शिक्क्याची बाटली फाटायची होती. ते भरभक्कम गृहस्थ त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर आधीच चढून बसले होते, म्हणजे उभे होते. फ्रिजखालचं फडकं ओलं होतं.

"पट्ट्या तपासा, महाराज. कोणी उघडल्यात?"

दादाने बोटांनी चाचपून पाहिल्या. "नाही. माझीच सही."

"म्हणजे आठ दिवसांत माणसाचा हात लागलेला नाही! आता उघडा."

दादाने फ्रिजमधलं खोकं काढलं आणि उघडलं. बाटली गुरूंनी घेतली, तळव्यांत फिरवली, पडद्यावर गुठळ्या झळकल्या, टाळ्या सुरू झाल्या. दादाचा हात मात्र अजून खोक्यातच होता.

"हे काय?" तो म्हणाला. त्याच्या गळ्यात ध्वनिक्षेपक अडकवलेला होता, त्यामुळे ते साऱ्यांना ऐकू आलं. त्याने ती वस्तू चिमटीत धरून फिरवली. "बटण? पण याला भोकं नाहीत. हे शिवायचं कसं?"

"माझं आहे ते," ताई मागून म्हणाली आणि उठली.

गुरूंचं हसू एक क्षण जागच्या जागी थांबलं. मग ते गरजले, "अविश्वास! पवित्र प्रयोगात हेर घातला या बाईने!"

"खाली बसवा तिला!" कोणीतरी ओरडलं. "दुकान बसलं म्हणून पोटात दुखतंय!"

ताई चालत राहिली. मंचावर येऊन ती गुरूंकडे न बघता भावाकडे वळली. "दादा, ही तापमान टिपणारी चकती आहे. दोन्ही खोक्यांत मी घातली. तुला न विचारता घातली, ही माझी चूक. मी काहीच बोलत नाही. हा मोबाइल घे, चकती टेकव आणि जे आकडे येतील ते तूच वाच. तू वाचशील ते मला मान्य."

दादाचा चेहरा लाल झाला होता. रागाच्या भरातच त्याने मोबाइल घेतला, चकती टेकवली. पडद्यावर काहीतरी उमटलं. त्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. मग तिरका केला.

"वाचा, महाराज," पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"मला..." दादा म्हणाला. त्याचा आवाज एवढासा झाला होता, पण ध्वनिक्षेपकाने तोही शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला. "मला दिसत नाही. वलयं दिसतात. आकडे दिसत नाहीत."

कोणी टाळी वाजवली नाही.

वहिनी पदर खोचून मंचावर चढली आणि तिने मोबाइल त्याच्या हातातून घेतला. बाजारहाटाच्या यादीला लागतो तसल्या खणखणीत आवाजात ती वाचू लागली. "सोमवारी दुपारी चौदा. सोमवारी रात्री उणे बारा. मंगळवारी उणे चौदा. बुधवारी उणे चौदा. शुक्रवारी उणे चौदा. आज सकाळी सहाला उणे अकरा. दहाला शून्य. आत्ता, अकरा." तिने मान वर केली. "अहो, माझ्या फ्रिजात आठवडाभर कोथिंबीर टवटवीत राहते. उणे चौदात राहील का?"

"आजच कसं काय वितळलं?" एका बाईने विचारलं.

"दाराला पट्टी होती," ताई म्हणाली. "भिंतीवरच्या बटणाला कुठे होती?"

आता गृहस्थांना राहवलं नाही. ते काहीतरी सांगायला पुढे झुकले आणि आठवडाभर लांबलेला तो खुर्चीचा चमत्कार कडाड् आवाज करून संपला. चार जणांनी त्यांना उठवलं. उठले ते थेट मंचावरच आले, खिशातून किल्ली काढली आणि फ्रिजचा पांढरा रंग खरवडू लागले. रंगाखालून आधी एक गुलाबी गोळा निघाला आणि मग त्याच्या खालचा शंकू.

"आइसक्रीमचं कपाट!" गृहस्थ म्हणाले. "तरीच मला पहिल्या दिवसापासून काहीतरी खावंसं वाटत होतं!"

सभागृहात हशा पिकला. पण गुरू काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. हशा ओसरायची त्यांनी वाट पाहिली आणि आवाज मऊ केला. "असेल. कपाट थोडं जास्त थंड असेल. मी साधा माणूस, मला यंत्रातलं काय कळतं? पण मंडळी, तेजपेटीचं काय? ही बघा दुसरी बाटली. हिच्यात आहे एक तरी गुठळी? आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवा!"

पडद्यावर गुळगुळीत दुधट औषध चमकलं. हशा विरला. लोक पुन्हा कुजबुजू लागले; पेटी घरोघर होती, ती खोटी निघणं कोणाला परवडणार होतं? ताईला दिसलं, की इथे घोडं अडलं तर पुन्हा हलायचं नाही.

"वहिनी, दुसरी चकती," ती म्हणाली.

वहिनीने वाचलं. "सेहेचाळीस. सेहेचाळीस. सत्तेचाळीस. सेहेचाळीस. सगळे दिवस."

गृहस्थांनी तोवर तेजपेटीची मागची फळी काढली होती. आत एक बल्ब होता, त्याभोवती मिठाईच्या डब्यावरचा लाल कागद, आणि बाकी काही नव्हतं.

"ऐका," ताई म्हणाली. आवाज चढवायची आता गरज नव्हती. "पेप्टाइड म्हणजे बारीक बारीक कड्यांची साखळी. इन्सुलिन तसंच. पण नुसती साखळी उपयोगाची नाही, तिची एक ठरलेली घडी असते. त्या घडीमुळेच ती शरीरात जिथे बसायची तिथे बसते. गोठवलं की घडी मोडते, साखळ्या एकमेकींना चिकटतात, गुठळ्या होतात. ते दिसतं. सारखं गरम ठेवलं की घडी हळूहळू विस्कटते, कडी तुटते. ते दिसेलच असं नाही. दादा, बाही उलटी लावली तर कापड तेच असतं ना? शिलाईही सुबक असते. पण हात नीट बसतो का?"

दादाने झटकन वहिनीकडे पाहिलं. वहिनी छताकडे बघू लागली.

"म्हणजे ही बाटलीही..." तो म्हणाला.

"दोन्ही बिघडलेल्या. एक दिसायला वाईट, एक दिसायला चांगली. एवढाच चमत्कार."

"मग चांगली बाटली ओळखायची कशी?" पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने विचारलं. त्याच्या छातीवरही बिल्ला होता.

"गुठळ्या दिसल्या तर टाकायचीच. पण नाही दिसल्या, तर बाटलीला विचारून उपयोग नाही. ती ठेवली कुठे होती, ते विचारायचं."

दादा मंचाच्या कडेला बसला. बिल्ला काढायला त्याची बोटं चाचपडत होती. "दोन महिने मी जवळजवळ पाणीच टोचत होतो म्हण ना. आणि साखर वाढली की खूश होत होतो." मग त्याने मान वर केली. "पण छकुली, पहिल्या वेळी? तेव्हा तर पेटी नव्हती. तुझ्याच दुकानातली बाटली होती. ती का फाटली, ते मला कोणीच सांगितलं नाही. या माणसाने निदान काहीतरी सांगितलं."

हा प्रश्न येणार हे ताईला आठ दिवस माहीत होतं. तरी उत्तर देताना तिला खाली बघावं लागलं. "मी तुला गार ठेव म्हणाले. कुठे, किती, ते सांगितलं नाही. तू माझा शब्द पाळलास आणि मी तुला दहा जणांत मूर्ख ठरवलं. मूर्खपणा माझा होता, दादा. मी तेव्हा दोन मिनिटं काढली असती, तर तुला इथे यावं लागलं नसतं."

एका बाईने हळूच कबूल केलं, की तीही बर्फातच ठेवायची. दुसरी म्हणाली, तिची खिडकीत असते, उन्हात. तिसऱ्याची मोटारीच्या खणात. जो तो आपापली चूक सांगू लागला, आणि या गडबडीत तेजगुरूंनी मागच्या दाराने पाय काढता घेतला. मात्र त्यांची गाडी बाहेर बल्बच्या खोक्यांनी भरलेली होती आणि ती निघायच्या आत गृहस्थ तिच्यापुढे उभे राहिले. त्यांच्या पुढून गाडी नेणं सोपं नव्हतं. पुढे तक्रार झाली, चौकशी लागली; ते तपास करणारे बघून घेतील.

त्या संध्याकाळी दादा लगेच नवी बाटली मागायला लागला, तर ताईने त्याचा हात धरला. "थांब. मेलेल्या औषधावर डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवलाय. तेवढाच चांगल्या औषधाचा घेतलास तर साखर धाडकन उतरेल आणि चक्कर येऊन पडशील. आधी डॉक्टरांकडे चल." या वेळी त्याने तिचा हात सोडवला नाही.

गुरू वाईट होता, हे सांगायला गोष्ट लागत नाही. असे गुरू पुढेही येतील, आणि आता ते 'कंपनं' आणि 'पेप्टाइड' म्हणत येतील, कारण आता शास्त्राचे शब्द स्वस्त झाले आहेत. तेव्हा कोणी काही वर उचलून धरलं, की मान वर करण्याआधी एकदा खाली बघावं. पाणी कुठून येतंय, बटण कोणाच्या हातात आहे, आणि हे कोणी मोजलं आहे का, एवढं विचारावं. विचारल्याने खरं औषध नासत नाही. आणि ज्यांना खरं काय ते माहीत आहे, त्यांनी ते चिडून नव्हे, तर समजावून सांगावं. आपण रिकामी ठेवलेली जागाच भोंदू भाड्याने घेतो.

दोन महिने गेले. दादाचा सदरा पुन्हा अंगासरसा बसू लागला. नजर निवळली, पहिल्या दिवशी सुईत दोरा ओवला तेव्हा तो सुई तशीच हातात धरून सबंध बाजारपेठ ओलांडून बहिणीला दाखवायला आला. हल्ली तो दुपारी मशीन थांबवून तिच्या दुकानातल्या बाकावर येऊन बसतो. प्रवासात बाटल्या नेण्यासाठी त्याने जाड अस्तराच्या छोट्या पिशव्या शिवल्या आहेत, आणि अमुक रंगाची का नाही म्हणून गिऱ्हाइकांशी वाद घालतो.

परवा दुकानात अशीच गर्दी होती. एका तरुण मुलीच्या आईला नवीन इन्सुलिन सुरू झालं होतं. ताईने पिशवी मुलीच्या हातात ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता वळता म्हणाली, "गार ठेवा हं."

"कुठे गार?" बाकावरून आवाज आला.

ताईने मागे वळून पाहिलं. दादाने हातातली शिवायची पिशवी मांडीवर ठेवली होती आणि चष्म्यावरून तो तिच्याकडे रोखून बघत होता.

"कुठे गार, छकुली? किती गार? नीट सांग त्यांना. आम्ही थांबतो."

रांगेतली सगळी माणसं थांबली. ताईने पिशवी परत घेतली, बाटली बाहेर काढली आणि काउंटरवर ठेवली.

"बसा," ती त्या मुलीला म्हणाली. "नवी बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. दोन ते आठ अंशांत. बर्फाच्या खणात नाही, मागच्या भिंतीला टेकवूनही नाही. चुकून गोठली तर वितळवून वापरायची नाही, सरळ टाकायची. चालू बाटली घरात सावलीत चार आठवडे चालते, मात्र घर फार तापत नसलं तर. उघडल्याची तारीख खोक्यावर लिहायची. दुधट असेल तर हलवायची नाही, तळव्यांत फिरवायची, अशी. आता तुम्ही मला सांगा, कुठे ठेवाल?"

"मधल्या कप्प्यात," मुलगी म्हणाली.

"हं," दादा म्हणाला आणि पुन्हा पिशवीला टाके घालू लागला.